दोन तास सात मिनिटं

कॉर्कमध्ये, ली नदीकडे पाठ करून बसलेल्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
पैसे परत द्यायचे की नाही, एवढंच काम.
घेतल्यापासून चौदा दिवस,
खेळलेला वेळ दोन तासांच्या आत.
झोपेत विचारलं तरी सांगेन.

अपुऱ्या खेळांनाही हाच नियम.
म्हैस पाण्यात, आणि मोल चुकतं झालेलं.
विसार म्हणावा तर पैसे पूर्ण घेतलेत,
खरेदी म्हणावी तर वस्तू अजून
कुणाच्या तरी डोक्यात आहे.
आम्ही तसं स्पष्ट लिहितो :
हा खेळ पुरा झालेला नाही, कदाचित होणारही नाही.
लोक 'मान्य' दाबतात,
चव न बघता मीठ घालावं तसं.

सकाळपासून सेहेचाळीस अर्ज.
आईच्या कार्डावरून घेतला, तिला कळवू नका.
घोडा भिंतीतून आरपार जातो.
घोडा भिंतीतून जात नाही, आधीच्या आवृत्तीत जायचा,
तेच तर मला आवडायचं.
(हिला दिले. अकराच मिनिटं खेळली होती.)

शेजारची डर्वला म्हणते, मजकूर वाचूच नकोस,
दोन आकडे बघ आणि पुढे चल.
डर्वला पाच वाजता घरी जाते.
मी वाचते.

बोगुमिऊ वेंगोझेव्स्की, ग्डिन्या. गोदीत वेल्डर.
खेळ बंदर बांधायचा, किंमत एकोणीस युरो.
दोन तास सात मिनिटं.
खाली यंत्राने भाषांतर केलेला, जरा लंगडा मजकूर :

"मी धक्का बांधला. दिवा लावला. होडी सोडली.
होडी पश्चिमेला गेली आणि थांबली.
भिंत नाही, खडक नाही,
तिथून पुढचं पाणी बनवलेलंच नाही.
मला वाटलं, येतंय. चहा केला.
परत आलो तर होडी तिथेच, इंजिन चालू.
पंचेचाळीस मिनिटं मी समुद्राची वाट बघितली.
हे खेळण्यात धरायचं का?
आमच्या गोदीत पोलाद वेळेवर आलं नाही
तर बसून काढलेला तास मालकाच्या नावे पडतो."

नियमाचं पान उघडलं.
खेळलेला वेळ म्हणजे खेळ चालू असलेला वेळ.
इंजिन तर चालू होतं.

मग, उघडायला नको होतं ते, खेळाचं पान उघडलं.
बनवणारा एकटाच, फेरो बेटांवर कुठेतरी.
शेवटची नोंद अकरा महिन्यांपूर्वीची :
पश्चिमेचा समुद्र पुढच्या महिन्यात. उशिराबद्दल माफी,
आम्हाला मुलगी झाली आहे, रात्री झोपत नाही.
परत केलेले पैसे त्याच्या हिशेबातून जातात.
किती गेले तेही मला दिसतं.
त्या रकान्याकडे मी फार वेळ बघितलं नाही.

कारण निवडायला सहा पर्याय असतात.
समुद्र नाही, असा एकही नाही.
'तांत्रिक बिघाड' निवडलं.
डर्वलाने मान तिरकी करून बघितलं, म्हणाली,
सात मिनिटं वर आहेत गं.
आहेत, म्हटलं.
तिने सोडा ब्रेडचा तुकडा माझ्या बशीत ठेवला
आणि कोट घातला.

तिसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं.
पैसे मिळाले की सहसा कुणी लिहीत नाही.
"धन्यवाद. पण खेळ माझ्या यादीतून गेला,
आता आत जाता येत नाही.
होडी बंद करायची राहिली.
तुमच्याकडे कुणी असेल तर बघा,
तेल उगाच जळतंय."